धागा: तापात पेशी मोजून झाल्या, अंग कोणी पाहिलं का?

धुऱ्यावरचा :
पोळा झाल्यापासून आमच्या गावातला ताप काही हटत नाही. वर्धा जिल्ह्याचं यवतमाळकडचं टोक. घरटी एकानं तरी खाट धरलेली. सोयाबीन सोंगणीला आलंय, मजूर मिळत नाही, आणि मिळतो तो अंगात कणकण घेऊनच विळा धरतो. पानठेल्यावर बसा की एसटीत, कानावर तीनच शब्द: डेंगू, टायफड, पेशी (म्हणजे प्लेटलेट).

धागा काढायचं कारण आमच्या शेजारच्या काकू. निंदणाच्या टोळीत जातात. ताप आला, डोकं फुटायला आलं, तर रिवाजाप्रमाणे आधी सुई आणि सलाईन. उतरला नाही. तालुक्याला रक्त तपासलं तर 'टायफड निघाला'. त्याची इंजेक्शनं झाली. मग पेशी ऐंशी हजारांवर आल्या आणि घरात रडारड सुरू झाली, कारण पेशी कमी म्हणजे डेंगू हे आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे. डेंगूचा रिपोर्ट निगेटिव्ह होता, तरी एका खासगी दवाखान्यात डेंगू म्हणूनच भरती. मुलगा किवी आणून राहिला, सून पपईचा पाला वाटून राहिली. दुसरा आठवडा लागला तशी काकूंना धाप लागली, लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसायला लागले. तेव्हा कुठं मोठ्या दवाखान्यात हलवलं.

तिथल्या एका शिकाऊ डॉक्टरीणबाईनं पडदा ओढला आणि काकूंना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. परकराची नाडी बांधतात त्या जागी, उजव्या कुशीला, तुरीच्या दाण्याएवढी काळी खपली आणि भोवती लालसर कडं. दुखत नाही, खाजत नाही. काकूंनाही पत्ता नव्हता. जन्मभर नाडी आवळून तिथली कातडी काळीच पडलेली असते, त्यात ती खपली कोणाच्या नजरेला येणार? स्क्रब टायफस, गवतातला बारीक किडा चावून येणारा ताप. डॉक्सीसायक्लीन हे अँटिबायोटिक सुरू झालं. काही दिवस ऑक्सिजनवर काढले, पण वाचल्या.

त्या गोळ्यांचा अख्खा कोर्स किवीच्या खोक्याहून स्वस्त आहे. मला राग त्याचाच येतो. एवढ्या बाटल्या, एवढे रिपोर्ट, आणि लुगडं बाजूला सारून पाहावं असं वाटेत कोणालाच सुचलं नाही? तुमच्याकडे काय चाललंय ते लिहा. डॉक्टर, लॅबवाले, आशाताई कोणी असतील तर त्यांनी जरूर लिहा.

तर्रीपोहा :
२०१८ आठवा. पावसाळा सरता सरता नागपूर आणि आजूबाजूच्या भागात ह्याच रोगानं माणसं दगावली होती. तेव्हा पेपरात रोज स्क्रब, बैठकांवर बैठका, गवत कापा म्हणून फर्मानं. थंडी पडली, रोगी कमी झाले, सगळे मोकळे. रोग गेला नाही हो, बातमी गेली.

कास्तकार_७० :
मले एक सांगा भाऊ, हा स्क्रब टायफस म्हंजे टायफडचाच भाऊ हाये काय? आन् कोणता किडा चावते म्हन्ता? आमच्या वांग्यावर लाल कोळी येते, तेच हाये काय? तसं असन त आमी कवाचेच मेलो असतो. मिरगात तो मखमलीसारका लाल किडा निंघते, पोट्टे हातावर घेऊन खेळतात, त्याचं काय?

ड्युटीवरचा :
काका, प्रश्न झकास आहे. टायफॉइडशी ह्याचं नाव सोडून काही नातं नाही. टायफॉइड घाण पाण्यातून, अन्नातून पोटात जातो. स्क्रबचा जंतू ओरिएन्शिया सुसुगामुशी, आणि तो चावणाऱ्या चिगरकडून येतो. चिगर म्हणजे एका माइटची अळी. वांग्यावरचा लाल कोळी ह्याच मोठ्या गोतातला, पण तो पिकाचा रस पितो, माणसाच्या वाट्याला जात नाही. मिरगाचा किडा तर त्याहून जवळचा भाऊबंद आणि अगदी निरुपद्रवी. पोरांना खेळू द्या.

चिगर मिलीमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी, डोळ्यांना दिसतच नाही. गवत, झुडपं, पांदण, धुरे, पडीक, जिथं उंदीर-घुशी तिथं ती. गवताच्या पात्यावरून कपड्यांवर चढते, आत शिरते आणि कपडा घट्ट बसतो तिथं थांबून चावते. म्हणून कंबर, काख, जांघ, छातीखालचा भाग. जंतू मादीकडून अंड्यांत उतरतो, त्यामुळे एखाद्या पट्ट्यात तो बसला की वर्षानुवर्षं तिथंच मुक्काम. चावल्यावर सहा ते एकवीस दिवसांनी ताप येतो, तोवर माणूस कुठल्या वावरात गेला होता हेही विसरलेला असतो. माणसाकडून माणसाला लागत नाही, तेव्हा रोग्याचं ताट-वाटी वेगळी काढायची गरज नाही.

पेशींचं म्हणाल तर त्या डेंग्यूत पडतात, हिवतापात पडतात, लेप्टोत (उंदराच्या मुतातून होणारा ताप) पडतात आणि स्क्रबमध्येही पडतात. हा जंतू बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात शिरतो, म्हणून दुसऱ्या आठवड्यात फुप्फुस, मूत्रपिंड, यकृत, मेंदू, सगळीकडून एकदम बोंब उठते. काकूंचं तेच झालं. उपचारच मिळाले नाहीत तर शंभरात साधारण सहा जण दगावतात, काही ठिकाणी हा आकडा सत्तरपर्यंत गेलेला आहे. वेळेत डॉक्सी मिळाली तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो.

पेनाचं_टोक :
मी लॅब चालवतो, तेव्हा माझ्या अंगावर येणार हे दिसतंच आहे. 'टायफड निघाला' ही काय भानगड आहे ते सांगतो. ती विडाल नावाची जुनी तपासणी. काचेवर रक्ताच्या पाण्याचा थेंब, त्यात औषधाचा थेंब, हलवायचं, गुठळ्या दिसल्या की पॉझिटिव्ह. आपल्याकडच्या पुष्कळ लोकांना आधी कधीतरी टायफॉइड होऊन गेलेला असतो, लस घेतलेली असते, त्यांच्या रक्तात एरवीही थोड्या गुठळ्या दिसतात. दुसऱ्याच तापातही दिसतात. आणि खरा टायफॉइड असेल तर पहिल्या चार-पाच दिवसांत ही तपासणी बरेचदा कोरी जाते, कारण अँटिबॉडी बनायला आठवडा लागतो. खरी तपासणी रक्ताचं कल्चर. त्याला वेळ लागतो, पैसे लागतात, इन्क्युबेटर लागतो.

आम्ही रिपोर्टवर खरं तेच लिहितो, पण तो कागद हातात पडला की पुढचं सगळं कागदावर चालतं, माणूस बाजूलाच. पेशंट स्वतः येऊन म्हणतो, "विडाल करा, टायफड पाहा". नाही म्हटलं तर शेजारच्या लॅबमध्ये जातो. स्क्रबसाठी आयजीएम एलायझा चांगली, पण ती आमच्यासारख्या छोट्या ठिकाणी परवडत नाही. किट पूर्ण भरायला नमुने जमावे लागतात. पूर्वी वाइल-फेलिक्स करत, तीही कच्चीच. नमुने जमेपर्यंत पेशंटची वेळ निघून जाते.

आशाताई_उपकेंद्र :
दादा, तुम्ही अंग पाहायचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं. आम्ही घरोघरी ताप पाहत फिरतो. पिशवीत हिवतापाचं किट असतं, पॅरासिटामॉल असतं. पण बाईचं अंग पाहायचं म्हणजे घरात सासरा ओसरीवर, नवरा दारात, खोली एकच. मी काय करते, "चल माय, न्हाणीत चल, पाय धुवून घे" म्हणून तिला न्हाणीत नेते, दार लोटते आणि मोबाइलच्या उजेडात पाहते. काखेत, छातीच्या खाली, कमरेच्या नाडीवर, जांघेत, गुडघ्याच्या मागं, कानामागं, केसांतही. लेकराची डायपरची जागा. विडीचा चटका बसून खपली धरावी तसं दिसतं. काख आणि जांघेत गाठ लागली तर त्याच बाजूला आणखी नीट शोधायचं.

बायका म्हणतात, "काही चावलं असन, जाऊ दे". जाऊ द्यायचं नाही. आणि पुरुष डॉक्टरनं छाती-कमर पाहायची म्हटली की बाई उठून घरी येते. त्यांचं चुकत नाही, पण डॉक्टरांनी निदान नर्सबाईंना सांगावं ना, "तुम्ही पाहून या". एवढं वाक्य बोलायला काय जातं?

पांदणीतला_पाटील :
सगळ्यांनी गावच्या डॉक्टरला धरलंय म्हणून दुसरी बाजू. रात्री दोनला दार वाजवलं तर तोच उठतो. उपकेंद्राला कुलूप असतं, प्राथमिक आरोग्य केंद्र बारा किलोमीटर, आणि १०८ ची गाडी येईपर्यंत माणूस घामाघूम. त्यानं सुई टोचली नाही तर लोकच म्हणतात, "ह्याला काही येत नाही". सलाईन मागून घेणारे आपणच. बाटली लागली की उपचार झाल्यासारखं वाटतं आपल्याला.

धुऱ्यावरचा :
पाटील, मान्य. पण सुई कशाची टोचतो हे तर विचारू? तापात अंग दुखतं म्हणून डायक्लोफिनॅक देतात. डेंग्यू असेल तर ते रक्तस्रावाला आमंत्रण. नुसतं पॅरासिटामॉल द्यावं, हे तर सरकारी पोस्टरवरही लिहिलेलं असतं.

ड्युटीवरचा :
+१. डेंग्यूत अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक टाळायचंच. आणि एक गोष्ट लोकांना उलटी माहीत आहे. डेंग्यूत ताप उतरला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात, तर धोक्याचे एक-दोन दिवस तिथंच सुरू होतात. पोट फार दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा संडासातून रक्त, पेशंट सुस्तावणं, हातपाय गार, ह्यातलं काही दिसलं तर लगेच भरती. पेशी वीस हजार असून खणखणीत बरे झालेले पाहिलेत आणि लाखावर पेशी असून शॉकमध्ये गेलेलेही. पेशींच्या बाटलीसाठी रक्तपेढ्यांत धावणाऱ्या नातेवाइकांना हे कानीकपाळी सांगतो, पटत नाही. किवीवाल्याचं बरं चालतं.

झाडीपट्टी :
गडचिरोलीकडून. तुमचा स्क्रब ठीक, पण त्या नादात हिवताप विसरू नका. आमच्याकडे ताप म्हटला की पहिली सुई बोटाला. फॅल्सीपेरम जातीचा हिवताप मेंदूत चढला तर दोन-तीन दिवसांत खेळ खलास. किटवर पंधरा-वीस मिनिटांत कळतं, गोळ्या आशाकडे फुकट असतात. राज्यातल्या हिवतापाचा मोठा वाटा अजून आमच्याच जिल्ह्याचा, म्हणून सांगतो: आधी हिवताप काढून टाका, मग बाकीचं पाहा.

दुसरं, भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत गुडघाभर पाण्यात रोवणी करणाऱ्यांना लेप्टोही होतो. उंदराच्या मुताचं पाणी, पायाला भेगा, जखमा. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, कावीळ. त्यालाही डॉक्सी चालते, हे एक नशीब.

गुरुजी_निवृत्त :
विदर्भाला ताप नवा नाही. चांदीपुरा नावाचा विषाणू जगभर ज्या नावानं ओळखला जातो ते गाव आपल्या नागपूरकडचं. १९६५ साली तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो पहिल्यांदा सापडला. लहान लेकरांना वाळूमाशीतून होतो, एका दिवसात झटके आणि बेशुद्धी. २००३ साली आंध्रात आणि २०२४ साली गुजरातेत त्यानं लेकरं नेली. त्याला औषध नाही. म्हणून म्हणतो, ज्याला औषध आहे, आणि तेही एवढं स्वस्त, त्या रोगानं तरी माणूस जाऊ नये.

तर्रीपोहा :
गुरुजी, चांदीपुराचं माहीत नव्हतं. आमच्या वॉर्डात काल धुराडी फिरली. अख्खी गल्ली निळी. मच्छर तासाभरानं परत हजर. फोटो मात्र नगरसेवकानं तासभराच्या आत टाकला.

पांदणीतला_पाटील :
आमच्या सरपंचांनीही तेच केलं. धुरानं चिगर मरते का हो डॉक्टर?

ड्युटीवरचा :
नाही. धूर उडणाऱ्या मच्छरापुरता, तोही थोडा वेळ. चिगर गवताच्या मुळाशी, मातीत. डेंग्यूच्या मच्छरासाठीही धुरापेक्षा आठवड्यातून एक दिवस रांजण, कूलर, टाकी रिकामी करून घासून कोरडी करणं जास्त कामाचं. अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून भागत नाही.

स्क्रबसाठी घराजवळचं गवत कापा, धान्याची कोठी आणि कुटाराच्या ढिगाजवळ उंदीर वाढू देऊ नका. वावरात जाताना पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, बायका लुगड्यावरून नवऱ्याचा जुना शर्ट घालतात तो चांगलाच, आणि खाली लेगिंग. किडे दूर ठेवणारं डीईईटीवालं मलम मिळालं तर हातापायाला. गवतावर आडवं पडू नका, दुपारच्या भाकरीला बसताना पोतं अंथरा, लेकराला धुऱ्यावर गवतात निजवू नका. घरी आल्यावर कपडे खुंटीला टांगून उद्या तेच घालायचे नाहीत. धुवा, आणि साबण लावून खसखसून अंघोळ करा. चिगर चावून बसायला थोडा वेळ घेते, तेवढ्यात ती निघून जाते.

धुऱ्यावरचा :
वाचायला सोपं आहे डॉक्टर. ऑक्टोबरच्या उन्हात पूर्ण कपडे आणि मोजे घालून सोयाबीन सोंगणारी बाई दाखवा मला. दोनशे-तीनशे रुपये रोजावर जाते ती. संध्याकाळी आल्यावर आधी चूल पेटवते, अंघोळीचं पाणी कोण तापवून ठेवतं तिच्यासाठी? म्हणून माझा जोर चावू नये ह्यावर कमी आणि चावल्यावर लवकर ओळखण्यावर जास्त आहे.

रामटेक_लाइन :
मग सरळ घरोघरी डॉक्सीची पट्टी ठेवावी. ताप आला की सुरू. हाय काय अन् नाय काय!

ड्युटीवरचा :
तसं नको. हिवताप असेल तर तुम्ही दोन दिवस घालवले. न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा ताप, क्षयाचा ताप झाकला गेला. पण उलट टोकाला जाऊन एलायझाचा रिपोर्ट येईपर्यंत हातावर हात ठेवणंही चूक. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत साफ लिहिलंय: पाच दिवस किंवा त्याहून जास्त ताप, दुसरं कारण सापडत नाही, स्क्रबचा संशय आहे, तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरनं उपचार सुरू करावेत. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवरही. मोठ्या माणसाला डॉक्सी १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. गरोदर बाईला अॅझिथ्रोमायसिन.

आणि खपली शोधा म्हणतो म्हणून गैरसमज नको. ती सापडली तर निदान जवळपास पक्कं, पण सगळ्यांना ती नसते. काही भागांत निम्म्याहून जास्त रुग्णांत सापडतच नाही. तेव्हा 'खपली नाही म्हणजे स्क्रब नाही' असं कोणी म्हणू नये.

गंभीर झालेल्यांसाठी एक चांगली बातमी. २०२३ साली भारतातल्या सात रुग्णालयांत गंभीर स्क्रबच्या ७९४ रुग्णांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. शिरेतून डॉक्सी आणि अॅझिथ्रो दोन्ही मिळून दिलेल्यांची गत, दोन्हीपैकी एकच औषध दिलेल्यांपेक्षा चांगली होती. आपल्याच देशातलं काम आहे, आपल्याच दवाखान्यांत पोचायला हवं.

आशाताई_उपकेंद्र :
आमच्याकडे मासिक बैठकीत मी विषय काढला. मॅडम म्हणाल्या, ताप पाच दिवसांवर गेला की तुम्ही थेट चिठ्ठी देऊन पाठवा, चिठ्ठीवर 'वावरातलं काम, अंग पाहिलं / पाहिलं नाही' असं लिहा. आता मी लिहिते. आधीच्या महिन्यात एका मेंढक्याच्या पोराच्या कानामागं सापडली खपली. त्याची माय म्हणे, गोचीड चावली असन. औषध सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी पोरगा मेंढरांमागं गेला.

धुऱ्यावरचा :
ताई, ही चिठ्ठीची गोष्ट फार कामाची. पुढच्या ग्रामसभेत मी तीन मागण्या ठेवतोय: तापाच्या बाईला पडद्याआड नर्सनं तपासावं, डॉक्सी केंद्रात कायम शिल्लक असावी, आणि स्क्रबचे नमुने जिल्ह्याला कोणत्या दिवशी जातात ते फळ्यावर लिहावं. धुराडीच्या डिझेलचा खर्च वाचला तर त्यातून टोळीच्या बायकांना गमबूट. सरपंचांचा चेहरा कसा होतो ते कळवतो.

पेनाचं_टोक :
चौथी मागणी माझ्याकडून. डॉक्टरनं तपासणीच्या चिठ्ठीवर ताप किती दिवसांचा ते लिहावं. डेंग्यूची एनएस-वन पहिल्या पाच दिवसांत करायची, आयजीएम त्यानंतर. आमच्याकडे चिठ्ठी येते 'फीवर प्रोफाइल' एवढीच. मग आम्ही सगळंच करतो आणि बिल पाहून तुम्ही आम्हाला शिव्या देता.

कास्तकार_७० :
डॉक्टरसाहेब, आमच्या घरच्यांले कालच ते डॉक्सी सुरू झाली. सरकारी दवाखान्यातून भेटली. काखेत डाग होता, सुनेनं पाहिला, हा धागा तिनंच वाचला होता. आता विचारतो, गोळी दुधासंगं देऊ काय? पोटात जयजय होते म्हन्ते ते. आन् रक्तवाढीची गोळी बी चालू हाये तिची.

ड्युटीवरचा :
काका, उपाशीपोटी नको, दोन घास भाकरी खाऊन द्या. दुधासोबत नको, आणि रक्तवाढीची लोहाची गोळी व अॅसिडिटीचं औषध दोन-तीन तासांच्या अंतरानं, नाहीतर डॉक्सी नीट अंगी लागत नाही. पेलाभर पाण्यासोबत बसून घ्यायची, लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिकेला चिकटून जळजळ होते. उन्हात जायला लावू नका, कातडी भाजते. दोन दिवसांनी ताप उतरला तरी सात दिवसांच्या गोळ्या पूर्ण करा. धाप लागली, लघवी कमी झाली किंवा असंबद्ध बोलायला लागल्या, तर थांबू नका, त्याच दवाखान्यात परत न्या आणि परवा ताप किती आहे ते इथं लिहा.

कास्तकार_७० :
लिवतो. सुनेले सांगतलं, थे लिवन.